स्मरणपत्रं स्पॅममधून बाहेर काढणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं 'ताई'. वाचनालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून जाणारी स्मरणपत्रं काही सभासदांच्या स्पॅममध्ये का पडतात, ते तुम्ही शोधून दिलंत. आभार जाहीर मानतोय, कारण घरचा मेल सर्व्हर आणि मराठी मजकूर जिथे एकत्र येतात तिथे कुणाचंही घोडं अडू शकतं.

तुम्ही सेटिंग्ज मागितली नाहीत. स्पॅममध्ये पडलेला एक खरा मेल मागितलात, जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मधल्या सगळ्या हेडरसकट, म्हणजे मेलचा प्रवास नोंदवणाऱ्या ओळींसकट. त्यात डीकिमपुढे, म्हणजे पाठवणारा सर्व्हर मेलवर करतो त्या डिजिटल सहीपुढे, लिहिलं होतं, 'बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय': मजकूर सहीशी जुळत नाही. म्हणजे सहीची किल्ली तपासत बसायचं कारणच नाही. सही झाल्यानंतर मजकूर बदललाय.

बदलणारा आपलाच पोस्टफिक्स, मेल पाठवणारा प्रोग्राम! मेलच्या एका ओळीत ९९८ बाइटच मावतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, उकार, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'पुस्तक' एवढ्याशा शब्दाचे १८ बाइट होतात. स्मरणपत्रं तयार करणाऱ्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) अख्खा परिच्छेद एका ओळीत दिला, की ३३२ चिन्हांनंतर मर्यादा संपते. डीकिमची सही करणारा ओपनडीकिम प्रोग्राम मेल आत घेतानाच सही करतो. पोस्टफिक्स मात्र बाहेर पाठवताना लांब ओळ तोडतो आणि पुढच्या ओळीआधी एक मोकळी जागा घालतो. सही बाद. डीकिमची तपासणी 'रिलॅक्स्ड', म्हणजे सैल, करूनही भागत नाही, कारण ती सवलत ओळीतल्या मोकळ्या जागांपुरती असते, नव्या ओळीला नाही. आणि 'टेस्ट टेस्ट' लिहिलेला चाचणी मेल तर जन्मभर पास होत राहील.

मग सगळ्यांचेच मेल स्पॅममध्ये का गेले नाहीत? थेट पोचलेल्या मेलला एसपीएफ, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यांवरून आपला मेल येऊ शकतो ती डोमेनची यादी, तारून नेत होता. ऑफिसच्या पत्त्यावरून जीमेलला फॉरवर्ड लावलेल्यांकडे पाठवणारा आयपी बदलतो, एसपीएफ पडतो, सही आधीच मोडलेली, म्हणून या दोन्हींपैकी निदान एक तपासणी पास व्हावी असं मागणारा डीमार्कही पडतो.

तुमचा उपाय दोन ओळींचा. स्क्रिप्टमध्ये मजकुराचं एन्कोडिंग '८बिट'ऐवजी (म्हणजे मजकूर आहे तसा पाठवण्याऐवजी) साध्या इंग्रजी अक्षरांत बदलणारं बेस-६४ करायचं, म्हणजे ७६ अक्षरांच्या ओळी आपोआप पडतात. स्क्रिप्टला हात लावता येत नसेल आणि पोस्टफिक्स ३.९ किंवा पुढचा असेल, तर 'फोर्स माइम इनपुट कन्व्हर्जन' चालू करायचं. मग रूपांतर सहीच्या आधी होतं.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलंत, पण तेही इथे नोंदवतो. पीटीआर, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, डोमेन विकणाऱ्याकडे नव्हे, आयपी देणाऱ्या होस्टच्या पॅनेलमध्ये लावायचा. त्यातलं नाव उलट त्याच आयपीवर यायला हवं आणि हेलोमध्येही, म्हणजे जोडणी करताना सर्व्हर स्वतःचं नाव सांगतो तिथेही, तेच हवं. आयपीव्ही-६ला पीटीआर नसेल तर पोस्टफिक्सला आयपीव्ही-४वरच ठेवायचं, नाहीतर जीमेल दारातूनच परत पाठवतो. २०४८ बिटची डीकिम किल्ली डोमेनच्या डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात बसत नाही, म्हणून अवतरणांत दोन तुकडे. एसपीएफची नोंद एकच. दोन झाल्या की दोन्ही बाद, आणि त्यातले डीएनएस शोध १०च्या वर गेले तरी तेच.

एसपीएफच्या शेवटी वजा-ऑल (यादीबाहेरचा मेल नाकारा) की टिल्डे-ऑल (नुसता संशयित माना), यावर आमच्यात वाद होता. टिल्डे ठेवा, हे तुमचं म्हणणं आता पटलं: वजा पाहिलं की काही सर्व्हर डीकिम बघायच्या आधीच मेल नाकारतात, आणि त्यात फॉरवर्डवालेच भरडले जातात.

डीमार्क सध्या 'पी=नन'वर (नापास मेलवर कारवाई नको, फक्त अहवाल द्या) आहे, अहवाल रोज येतायत. ते स्वच्छ दिसले की 'क्वारंटाइन', म्हणजे नापास मेल संशयित मानून बाजूला टाका. चाचणीच्या मेलमध्ये आता ४०० चिन्हांचा एक सलग मराठी परिच्छेद असतो, मध्ये एकही एंटर नाही.

आपले,
वाचनालयाचे संगणक सांभाळणारे कार्यकर्ते