डोक्यावर पातेलं घातलेली नायिका

पुणे,
रविवार

प्रिय अनघा,

परवा तू म्हणालीस की कॉमिक्समधल्या सुरुवातीच्या सुपरनायिकांच्या गोष्टी बाळबोध होत्या, त्यांना खरी उंची दिली ती आजच्या सिनेमांनी. तुला गाडी गाठायची होती म्हणून मी वाद घातला नाही, पण मला ते अजिबात पटलेलं नाही.

सुपरमॅन आला १९३८ मध्ये. त्यानंतरची तीन-चार वर्षं अशी होती की अचाट शक्तीची बाई कशी असावी, कशी दिसावी, याचे नियमच ठरलेले नव्हते. ज्याला जे सुचलं ते त्याने काढलं. तुला ज्या गोष्टी विचित्र वाटतात त्या मला म्हणूनच मोलाच्या वाटतात.

फॅन्टोमाचंच बघ. ती फेब्रुवारी १९४० च्या 'जंगल कॉमिक्स'मध्ये आली, म्हणजे वंडर वुमनच्याही आधी. सोनेरी केसांची देखणी बाई, जंगलाची राखणदार. पण दुष्टांवर चालून जाताना तिच्या चेहऱ्याची कवटी होते आणि भोवती केस मात्र तसेच सोनेरी भुरभुरत राहतात! लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच माणूस, फ्लेचर हँक्स. संतापलेली बाईसुद्धा सुंदरच दिसली पाहिजे, ही अट त्याने पाळलीच नाही. पुढे तो गेला, फॅन्टोमा दुसऱ्यांच्या हाती पडली आणि तिला प्राचीन इजिप्तच्या फॅरोंची कन्या करून टाकलं. कवटी गेली, तिच्याबरोबर माझ्या लेखी सगळंच गेलं. आफ्रिकेच्या जंगलावर गोऱ्या बाईची सत्ता आणि तिथली माणसं नुसती पार्श्वभूमीला, हे आज वाचताना खुपतं. ते खुपायलाच हवं.

त्याच वर्षी 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'मध्ये शेल्डन मेयरने मा हंकेल या पात्राला रेड टोर्नेडो नावाची सुपरनायिका केलं. किराणा दुकान चालवणारी, दणकट बांध्याची, पोराबाळांची आई. अंगात लांब लाल अंतर्वस्त्रं, डोक्यावर डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पातेलं. लोकांना वाटतं हा कोणीतरी पुरुषच! जस्टिस सोसायटी या सुपरनायकांच्या संघाच्या पहिल्या बैठकीला ती डोकावते, पण विजार फाटल्यामुळे तिला निघून जावं लागतं. हे सगळं हसवण्यासाठीच लिहिलंय, मान्य. पण मार खातात ते गुंड, ती नाही. चाळिशीतली, भरल्या अंगाची, घरदार सांभाळणारी सुपरनायिका नंतरच्या ऐंशी वर्षांत आपल्याला किती वेळा दिसली, सांग बरं.

आता वंडर वुमन. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या चाचणीवर त्याने काम केलं होतं. पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न या दोघींबरोबर तो एकाच घरात राहायचा. ऑलिव्ह मनगटावर रुंद कडी घालायची, आणि वंडर वुमन गोळ्या परतवते ती तशाच कड्यांनी. तिचा जादूचा दोरही सुरुवातीला फक्त खरं बोलायला लावणारा नव्हता. ज्याला बांधलं त्याने बांधणारी सांगेल ते ऐकायचं, असा होता. तिच्या जमातीच्या अमेझॉन बायका घोड्यांऐवजी कांगारूसारख्या प्राण्यांवर बसून शर्यती लावतात. आणि एटा कँडी! लठ्ठ, सतत चॉकलेट खाणारी, कोणाला न घाबरणारी मैत्रीण. तिला बारीक व्हायचंच नसतं. मला ती वंडर वुमनइतकीच प्रिय आहे.

साखळदंडांबद्दल तू विचारशीलच. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कोणी ना कोणी बांधलेलं असतं, आणि पुरुषाने कडी साखळीने जोडली की हिची शक्तीच जाते. तेव्हाही त्यावर आक्षेप आले होते. मताधिकाराच्या चळवळीतल्या व्यंगचित्रांत बेड्या तोडणारी स्त्री असायची, तिचा धागा इथे नक्की आहे. पण तेवढ्याने सगळ्याचा उलगडा होत नाही. काही पानं मलाही अस्वस्थ करतात आणि युद्धकाळातली जपानी माणसांची चित्रं तर वाईटच आहेत.

मात्र मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका साध्या गोष्टीचा. १९४२ मध्ये ही बाई जस्टिस सोसायटीत आली तेव्हा तिला काम दिलं सेक्रेटरीचं! ते मार्स्टनचं लेखन नव्हतं. 'वंडर वुमन'च्या स्वतःच्या अंकांत थोर स्त्रियांची चरित्रं छापली जात, त्यातलं पहिलं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं. १९४४ पासून जॉय हमेल नावाची तरुणी वंडर वुमनच्या गोष्टी लिहीत होती, पण तिचं नाव कुठेच छापलं नाही. मार्स्टन १९४७ मध्ये गेला, जॉयही बाहेर पडली. पुढे त्या चरित्रांच्या जागी लग्नाच्या चालीरीतींवर पानं आली.

तुझी 'उंची' इथून सुरू होते, अनघा. १९५४ मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली. १९५६ ची बॅटवुमन पर्समध्ये हत्यारं बाळगते, तीही लिपस्टिक आणि पावडरच्या डबीच्या रूपात. १९५९ मध्ये सुपरगर्ल पृथ्वीवर येते, तर तिचा चुलतभाऊ सुपरमॅन तिला स्वतःच्या घरी न नेता अनाथाश्रमात ठेवतो आणि शक्ती लपवायला सांगतो. चित्रं सफाईदार झाली, गोष्टी आटोपशीर झाल्या, आणि बायका आज्ञाधारक झाल्या.

तुला एक खंड कुरिअरने पाठवतेय, टार्पे मिल्सच्या 'मिस फ्युरी'चा. १९४१ मध्ये सुरू झालेली वर्तमानपत्रातली रविवारची मालिका. लेखिका बाई आहे हे कळू नये म्हणून तिने 'जून' हे पहिलं नाव वगळलं होतं. नायिका मार्ला ड्रेक काळ्या बिबट्याचं कातडं पहिल्यांदा घालते ते का, माहितीये? पार्टीला आपल्यासारखाच पोशाख घालून दुसरी कोणी येतेय, हे कळतं म्हणून! आणि नंतर कित्येक आठवडे ते कातडं दिसतही नाही. त्याऐवजी असतात सुंदर शिवलेले कपडे, नाझी हस्तक असलेली एक भयंकर बॅरोनेस, आणि पर्री-पर नावाचं मांजर, जे मिल्सच्या स्वतःच्या मांजरावरून काढलंय. मार्लाला जन्मजात शक्ती काहीच नाही. ती एका लहान मुलाला एकटीने सांभाळते आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देत बसत नाही.

मोठ्या आकाराची पानं आहेत, दिव्याखाली टेबलावर ठेवूनच वाच. मधली काही पानं कपड्यांच्या कागदी बाहुल्यांची आहेत, ती सईला दाखव. पण कापू देऊ नकोस.

तुझी,
मेधा