हेडफोनच्या खोक्यावरचे ‘नॉइज कॅन्सलेशन’ नेमके कोणासाठी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या खरेदीनिमित्त आपल्या पुरवणीत वायरलेस हेडफोनचा जो तक्ता प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक हेडफोनपुढे किंमत, बॅटरीचे तास आणि ‘नॉइज कॅन्सलेशन : आहे’ एवढीच माहिती होती. कान पूर्ण झाकणारा हेडफोन विकत घेताना याच ‘आहे’ या शब्दाने माझी फसगत झाली, आणि कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवूनही झाली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. आमचे डोंबिवलीतले घर रेल्वेमार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि सध्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असल्यामुळे लोकलच्या जोडीला जनरेटर आणि ड्रिल यांचीही दिवसभर साथसंगत असते. तिच्यासाठी मी एका दुकानातून १,८०० रुपयांचा हेडफोन आणला. खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ ही अक्षरे बोटभर उंचीची होती. घरी येऊन तो कानावर चढवला, तर छताच्या पंख्याची घरघरसुद्धा कमी झाली नाही. भिंग घेऊन खोक्याची मागची बाजू वाचली तेव्हा ‘ईएनसी’ अशी तीन अक्षरे सापडली. दुकानदाराकडे गेले, तर तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, कॅन्सलेशन आहेच की. समोरच्याला तुमचा आवाज क्लिअर जाईल.’ तो खोटे बोलत नव्हता, हीच खरी अडचण आहे.

बाजारात या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे कानाभोवतीची गादी, जिला दुकानात कुशन म्हणतात. तिने कान झाकला की काही आवाज आपोआप अडतो, त्याला वीज लागत नाही. दुसरी म्हणजे ईएनसी. यात आपण फोनवर बोलत असताना आपल्या मायक्रोफोनमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट गाळला जातो, म्हणजे त्याचा लाभ पलीकडच्या माणसाला होतो. आपल्या कानाला काहीच मिळत नाही. तिसरी म्हणजे एएनसी, आणि ज्यासाठी आपण पैसे मोजायला तयार असतो ती हीच. तिच्यात हेडफोनच्या बाहेरच्या बाजूला आणि आत कानाजवळ बसवलेले मायक्रोफोन येणारा आवाज टिपतात, आतले मंडल (सर्किट) त्याची नेमकी उलटी लहर तयार करते आणि त्या दोन लहरी कानाच्या दाराशी एकमेकींना मारतात. आपल्या तक्त्यातल्या ‘आहे’ने या तिन्ही गोष्टी एका रकान्यात कोंबल्या आहेत.

एएनसी मिळाली म्हणजे सगळे शांत होईल, अशी समजूतही करून घेऊ नये. बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल असा हिशेब मांडते. उलटी लहर तयार करण्यात एका सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढा उशीर झाला असे धरा. १०० हर्ट्‌झच्या खर्जातल्या घरघरीसाठी हा उशीर म्हणजे कलेत (लहरीच्या चढउताराच्या टप्प्यात, म्हणजे फेजमध्ये) जेमतेम ३.६ अंशांचा फरक, आणि तेवढ्या फरकाने मूळ लहरीचा सुमारे ६ टक्के भाग उरतो, म्हणजे आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तोच उशीर २,००० हर्ट्‌झच्या आवाजाला लावला तर फरक ७२ अंशांचा होतो, आणि अशा वेळी ती ‘उलटी’ लहर आवाज कमी करण्याऐवजी थोडा वाढवते. म्हणून चांगल्या हेडफोनमध्ये मंडलाचे काम मुख्यतः खालच्या पट्टीत, साधारण १,००० हर्ट्‌झच्या आत चालते आणि त्यावरचे आवाज अडवण्याची जबाबदारी कुशनवर पडते. जनरेटर, एसी, बसचे इंजिन, पंखा हे सतत एकसुरात चालणारे आवाज मंडल छान गिळते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारणीने मारलेली हाक यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा ढोलाचा घुमारा थोडा मवाळ होतो, पण ताशाची कडकड मात्र कुशनने जेवढी थोपवली तेवढीच थांबते.

या तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. आवाजाने आवाज मारण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये मिळाले, पण तेव्हाच्या उपकरणांना ती पेलणारी नव्हती. १९७८ मध्ये ‘बोस’ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने जात असताना इंजिनाच्या घरघरीत त्यांना हेडफोनवरचे संगीत नीट ऐकू येईना, आणि त्याच प्रवासात त्यांनी यावरचे गणित कागदावर मांडायला सुरुवात केली. (त्यांचे वडील कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते, हे वर्गात सांगितले की मुलांचे कान टवकारत.) १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट विक्रीला आला, आणि सामान्य ग्राहकासाठीचा २००० मध्ये. थोडक्यात, ही वस्तू विमानाच्या अखंड घरघरीसाठी जन्मली; डोंबिवलीच्या फलाटावरच्या गलबल्यासाठी ती घडवलेली नव्हती.

यावरून निघणारी, आणि खरेदीच्या वेळी कोणीच न सांगणारी, गोष्ट अशी की कुशन हे हेडफोनचे अर्धे यंत्र आहे. ते कानाभोवती सर्व बाजूंनी घट्ट टेकले नाही, तर वरच्या पट्टीतले आवाज आत शिरतात, खर्जाची पट्टी बाहेर गळते आणि आतल्या मायक्रोफोनचे गणितही बिघडते. माझी मुलगी चष्मा लावते. चष्म्याची दांडी कुशनच्या खालून जाते तिथे फट राहते, आणि जाड दांडीच्या चष्म्याने उत्तम हेडफोनही निम्मा निकामी झाल्यासारखा वाटू शकतो. मी अंबाडा घालते, कानात कुड्या असतात. दोन्हींमुळे कुशन कुठे टेकते आणि डोक्यावरची पट्टी कुठे बसते यात फरक पडला. दुकानात आम्ही चार हेडफोन चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय लावून पाहिले. एकाची गादी इतकी मऊ आणि खोल होती की दांडी तिच्यात बुडून गेली, तर दुप्पट किमतीच्या दुसऱ्याची कडक गादी दांडीवर तरंगत राहिली. एवढी तपासणी कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही, ती स्वतःच्याच डोक्यावर करावी लागते.

वजनाचेही तसेच. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ हा २५० ग्रॅमचा, बोसचा क्यूसी४५ हा २४० ग्रॅमचा, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा आहे. दुकानात पाच मिनिटांत हा फरक जाणवत नाही. सलग तीन तासांच्या मीटिंगनंतर मान सांगते. सोनीचाच तुलनेने स्वस्त सीएच७२०एन केवळ १९२ ग्रॅमचा आहे, आणि त्याची आवाज मारण्याची ताकद महागड्या भावंडांपेक्षा कमी असली, तरी मुलीने शेवटी तोच निवडला, कारण तो चष्म्यावर नीट बसला आणि डोक्यावर आहे हे तिला विसरता आले. दप्तरात टाकून रोज लोकलने जाणाऱ्यांनी हेडफोनची घडी होते की नाही हेही पाहावे. सोनीच्या २०२० च्या एक्सएम४ ची घडी होत असे, २०२२ च्या एक्सएम५ मध्ये ती गेली आणि एक्सएम६ मध्ये परत आली, यावरून कंपनीलाही ग्राहकांचे ऐकावे लागले असे मी समजते.

आपल्याकडच्या दमट हवेचा विचार तर परदेशी परीक्षणांत येतच नाही. मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात मे महिन्यात कान पूर्ण झाकून बसणे म्हणजे घाम आलाच, आणि कृत्रिम चामड्याचे कुशन घामाने आणि दमटपणाने पापुद्रे धरून सोलवटू लागते. म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न जरूर विचारावा : या हेडफोनची कुशन सुटी मिळतात का, आणि कितीला? उत्तर ‘नाही’ असे आले, तर बाकीचा हेडफोन धडधाकट असूनही कुशन संपले की तो अडगळीत जाणार, हे गृहीत धरून किंमत मोजावी.

बॅटरीच्या तासांवर मात्र आपल्या तक्त्याने जेवढा भर दिला आहे तेवढा देण्याची गरज नाही. एएनसी चालू ठेवून वीस तास आणि तीस तास यांत रोज रात्री चार्जिंगला लावणाऱ्या माणसाला काय फरक पडणार? त्यापेक्षा एकाच वेळी लॅपटॉप आणि फोन अशा दोन उपकरणांना जोडता येते का, हे घरून काम करणाऱ्याने पाहावे. ध्वनीच्या दर्जाबद्दल खोक्यावर ‘एलडॅक’ (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह ध्वनी पाठवण्याची पद्धत) यासारखे शब्द असतात; आयफोन ते वापरतच नाही, त्यामुळे आयफोनधारकाने त्यासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. शिवाय ब्लूटूथवर हेडफोनचाच मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक वेळा ऐकू येणारा आवाज एकदम बसका होतो, तो हेडफोनचा दोष समजू नये.

दुकानात चाचणी कशी घ्यावी, याविषयी अनुभवाचे दोन शब्द. गाणे लावू नये. विक्रेता नेमके मोठ्या आवाजात गाणे लावून देतो आणि त्या आवाजात सगळेच हेडफोन शांत वाटतात. एसीच्या झोताच्या बाजूला, पण झोत थेट अंगावर येणार नाही असे उभे राहून, काहीही न वाजवता एएनसी चालू आणि बंद करून पाहावी. वारा थेट मायक्रोफोनवर आला तर उलट फडफड ऐकू येते, आणि लोकलच्या दारात उभे राहणाऱ्याला ती रोजच ऐकावी लागेल. पूर्ण शांततेत बारीक सळसळ येते का, हेही पाहावे. तानपुऱ्याच्या जव्हारीवर कान लावून बसणाऱ्याला ती सळसळ खुपते. काहींना एएनसी चालू होताच खंडाळ्याचा घाट चढताना कान दडपतात तसे वाटते. असे वाटणाऱ्याने हेडफोन कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नये. आणि ऑनलाइन घेणार असाल, तर उघडलेले खोके परत घेतात का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी वाचावे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे. बाहेरची घरघर गेली की गाणे किंवा मीटिंग खालच्या आवाजात पुरते, आणि माझ्या मते कानावर इतके पैसे खर्च करण्याचे हे एकच पटण्याजोगे कारण आहे. रूळ ओलांडताना आणि रस्त्यावर मात्र हेडफोन कानावरून काढून गळ्यातच असावा. ‘बाहेरचे ऐकू येईल’ या बटणावर जीव सोपवू नये.

आता मूळ मुद्दा. खोक्यावर किंमत, उत्पादनाचा देश आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावाच लागतो, वायरलेस हेडफोनसाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीही सक्तीची आहे आणि तो ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. पण ही नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे, शांततेची नव्हे. ‘४० डेसिबलपर्यंत’ आवाज कमी करण्याच्या दाव्यातला ‘पर्यंत’ कोणत्या पट्टीत, कोणत्या चाचणीत मिळाला, हे बहुतेक खोक्यांवर नसते. खर्जातल्या एखाद्याच बिंदूवर मिळालेला आकडा छापला, तरी तो छापील अर्थाने खराच ठरतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे आणली, त्यांनुसार दाव्याचा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याइतक्याच ठळकपणे दिसला पाहिजे. मग बोटभर ‘नॉइज कॅन्सलेशन’ आणि मुंगीएवढे ‘ईएनसी’ हे कसे चालते? ग्राहकांनी १९१५ या हेल्पलाइनवर हा प्रश्न विचारावा. मी विचारला आहे.

आपल्याकडे विनंती एवढीच, की पुढचा तक्ता छापताना ‘नॉइज कॅन्सलेशन : आहे’ हा रकाना काढून त्याऐवजी तीन रकाने करावेत : एएनसी आहे की फक्त ईएनसी, वजन किती ग्रॅम, आणि कुशन सुटी मिळतात की नाही. जागा कमी पडली, तर बॅटरीचा रकाना खुशाल वगळावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)