विषय: तुमचंच सपोर्ट सॉफ्टवेअर लॅपटॉप अडवतंय आणि वर मलाच पॅकेज विकताय

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवलाय. तक्रार क्रमांक तुम्ही दर वेळी नवा देता, त्यामुळे यातला कोणता लिहायचा ते तुम्हीच ठरवा.

लॅपटॉपसोबत तुम्ही स्वतः टाकून दिलेली ती सपोर्ट सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालू राहणारा तुमचा प्रोग्रॅम. सकाळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, डिटेल्स टॅबवर, ती दीडशे एमबीच्या आसपास मेमरी घेत असते, संध्याकाळी तीन जीबीच्या पुढे. मशीनची रॅमच 8 जीबी. मथळ्यावर राइट क्लिक करून 'हँडल्स'चा (प्रोग्रॅमने उघडून ठेवलेल्या फाइल वगैरे गोष्टींच्या संख्येचा) रकाना लावला, तर तिथला आकडा शेकड्यांत सुरू होऊन लाखावर जातो आणि खाली यायचं नाव घेत नाही. उघडलेलं बंद करायचं राहून जातंय, हे तुमच्या इंजिनिअरला एका नजरेत कळेल. व्हायरस असेल म्हणाल, तर फाइलचा पाथ तुमच्याच फोल्डरचा आहे आणि मायक्रोसॉफ्टच्याच प्रोसेस एक्सप्लोरर या टूलमध्ये फाइलची डिजिटल सही तपासली तर 'व्हेरिफाइड'पुढे तुमचंच नाव येतं.

एंड टास्क केलं की मेमरी मोकळी होते, माझं डीटीपीचं काम पळायला लागतं. मिनिटभरात स्वारी पुन्हा हजर! सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये तुम्हीच 'रीस्टार्ट' लावून ठेवलंय.

आता आजचा कॉल. तुमच्या प्रतिनिधी बाईंनी रिमोटवर स्क्रीन घेतली. मी म्हटलं, मेमरीवर सॉर्ट करा. त्यांनी सीपीयूवर केलं. सगळ्यात वर 'सिस्टिम आयडल प्रोसेस', 91.

"सर, ही बघा, ही प्रोसेस तुमचा एक्क्याण्णव टक्के सीपीयू खातेय."

मला वाटलं, गंमत करताहेत. म्हटलं, अहो, तो न वापरलेला सीपीयू आहे, पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक शून्य बघा, तो आकडा जितका जास्त तितकं बरं. पलीकडे शांतता. मग "सीनियरना विचारते" म्हणून होल्ड. होल्डवर तुमच्या वेगवान लॅपटॉपची जाहिरात. परत आल्या त्या खात्री करूनच: "सर, सीनियर म्हणताहेत हाच प्रॉब्लेम आहे. आमच्या ऑप्टिमायझेशन पॅकेजमध्ये ही प्रोसेस काढून देतो. वर्षाचे 1,999, जीएसटी वेगळा."

मोकळ्या खुर्च्या मोजून नाट्यगृह हाऊसफुल्ल ठरवण्यातला प्रकार झाला हा. ती प्रोसेस विंडोज कुणालाच बंद करू देत नाही. तुमचे सीनियर करून दाखवणार असतील, तर मी तिकीट काढून बघायला येईन.

तरी पुन्हा म्हटलं, हँडल्सचा रकाना बघा. उत्तर: "सर, तो टॅब कस्टमरसाठी नसतो." हे वाक्य मी लिहून ठेवलंय. मशीन माझं, पैसे माझे, आणि आत काय चाललंय ते मी बघायचं नाही?

बरं, सर्व्हिस डिसेबल करतो म्हटलं, तर म्हणे वॉरंटीला अडचण येईल. हे लेखी द्या. फोनवर नको, लेखी. चालू ठेवली तर संध्याकाळी पानं हलत नाहीत, बंद केली तर वॉरंटीची धमकी, आणि दोन्हीवर उपाय 1,999 रुपये.

तुमचा आधीचा लॅपटॉप माझ्याकडे वर्षानुवर्षं चालला. त्याच्याच भरवशावर मेव्हण्यालाही तुमचंच मशीन घ्यायला लावलं. आता तो मला फोन करतो. तुमचा कॉल सेंटर नंबर त्याला द्यायची हिंमत होत नाही.

या सर्व्हिसची दुरुस्त आवृत्ती द्या, नाहीतर ती काढून टाकली तरी वॉरंटी कायम राहील असं पत्र द्या. पंधरा दिवसांत दोन्हींपैकी काही झालं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि तिथूनही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा लागत नाही. तुमच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडतं.

सकाळचे आणि संध्याकाळचे स्क्रीनशॉट जोडलेत. मेमरीवर सॉर्ट केलेले. ते कृपया त्या सीनियरकडे पाठवू नका.