थडग्यांची प्रुफं

सीडर रॅपिड्‌स, आयोवा
सर्वपित्रीच्या आधीचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा "तू स्मशानात भटकतेस" म्हणताना आईचा आवाज चढला आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवून दिला, ते काही बरं केलं नाही. पण फोनवर हे सांगून होत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, मध्येच शेजारच्या काकू डोकावतात. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि नेहमीसारखं मधलं गाळू नका.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. हो, दफनभूमीतून आल्यावर अंघोळ करते. कपडेसुद्धा दाराशीच काढून थेट मशीनमध्ये टाकते. विटाळ म्हणून नव्हे गं, गोचिडी म्हणून. इथल्या उंच गवतात त्या असतात, गुडघ्यामागे जाऊन चिकटतात, आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचं दुखणं मागे लागतं. कारण वेगळं असेल, पण वागणं तू म्हणतेस तसंच आहे: दारातून सरळ मोरीत.

आता "स्मशानात भटकते" याबद्दल. इथे मक्याच्या शेतांच्या कडेला, ओढ्याकाठी, मोडक्या चर्चमागे छोट्या छोट्या दफनभूम्या आहेत. वीस-तीस दगड, एखादा देवदार, तारेचं कुंपण. आयोवा १८४६ मध्ये राज्य झालं. त्या आगेमागे जे लोक इथे जमीन कसायला आले, त्यांची ही माणसं. पुढची पिढी आणखी पश्चिमेला गेली किंवा शहरात गेली, आणि दगड राहिले. गेल्या पन्नास वर्षांत जिथे बारा किंवा त्याहून कमी दफनं झाली, त्या जागेला इथला कायदा 'पायोनियर सिमेटरी' म्हणतो, आणि जिल्ह्याला तिच्यासाठी समिती नेमता येते. पण समिती झाली तरी पैसा गवत कापण्यापुरता. कोण कुठे पुरलंय ते वाचून, टिपून, जपून ठेवायचं काम हौशी लोकांवर. त्या हौशी लोकांत मी कशी गेले, ते वादळामुळे.

१० ऑगस्ट २०२० चं वादळ तुम्हाला आठवत असेल, आठवडाभर आमच्याकडे वीज नव्हती. शहरातली निम्म्याहून जास्त झाडांची सावली त्या एका दुपारी गेली. त्यातली कितीतरी झाडं दफनभूम्यांत होती, आणि ती पडली ती दगडांवरच. फांद्या उचलायला माणसं हवीत म्हणून कळलं, मी गेले. तिथे एक आजोबा भेटले. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे बदललेले. फांदी ओढायच्या आधी खाली वाकून प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायला लावायचे. "तुकडे गोळा करू नका, आधी कुठे पडलेत ते लिहा," एवढंच सारखं सांगायचे. तीस वर्षं त्यांनी या भागातल्या थडग्यांची यादी सांभाळलीय. बुटांच्या खोक्यांत कार्डं, एका माणसाचं एक कार्ड. गेल्या वसंतात ती चौदा खोकी त्यांनी माझ्या गाडीत ठेवली आणि म्हणाले, आता तू बघ.

मलाच का दिली, ते सांगते, आणि हे बाबा, तुमच्यासाठी आहे.

१९३० च्या दशकात मंदी आली तेव्हा सरकारने बेकार लोकांना जी कामं दिली, त्यांत इथे एक काम थडगी मोजून टिपायचं होतं. माणसं वही-पेन्सिल घेऊन दफनभूम्या पालथ्या घालत, मग कोणीतरी ते टाइप करी. आजोबांची कार्डं मुळात त्या टाइप केलेल्या यादीवरून केलेली. मी पहिल्यांदा ती यादी दगडाशेजारी धरून वाचली आणि तुम्ही प्रुफं तपासायचात त्या आपल्या प्रेसचा मला वास आला. अहो, ती चक्क कच्ची गॅली आहे, न तपासलेलं पहिलं प्रूफ! ३ चा ८, ५ चा ६, १ चा ४. एका ठिकाणी तर 'रोदिना' नावाच्या पाच बायका सापडल्या, प्रत्येकीचं आडनाव वेगळं. इथे चेक लोकांची मोठी वस्ती होती, त्यांच्या दगडांवर चेक भाषेत लिहिलेलं असतं. 'रोदिना' म्हणजे कुटुंब. अमक्यांचं कुटुंब, एवढंच त्या दगडावर होतं. टिपणाऱ्याने पाच बायका जन्माला घातल्या. मी हे दाखवलं तेव्हा आजोबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. खोकी माझ्याकडे आली ती त्या दिवसामुळे.

तुम्ही सांगायचात ना, प्रूफ बघताना शब्द वाचू नकोस, अक्षर बघ. इथे तेच. फक्त कागदाऐवजी संगमरवर, आणि शाईऐवजी सावली.

एक दगड सांगते. हातभर उंचीचा, वर कोकरू कोरलेलं, म्हणजे मूल. कोकरू झिजून साबणाच्या वडीसारखं झालंय. दगडाचं तोंड उत्तरेला, त्यामुळे समोरून ऊन कधी पडतच नाही आणि अक्षरं दिसत नाहीत. पूर्वी लोक अशा दगडावर दाढीचा फेस फासत, अक्षरं उठून दिसावीत म्हणून. तो फेस दगडाच्या छिद्रांत राहतो आणि त्याला पोखरतो, त्यामुळे आता ते बंद. आम्ही आरसा वापरतो. जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक उभा आरसा आणलाय, कपाटाच्या दाराचा असतो तसा. नवऱ्याला तो घेऊन बाजूला उन्हात उभं करायचं, आणि कवडसा दगडावर आडवा, अगदी सरपटत पाडायचा. तो शिव्या देतो, पण धरतो. कवडसा बरोबर पडला की अर्धा मिनिट काहीच होत नाही आणि मग एकदम प्रत्येक खाचेच्या कडेला काळी रेघ उभी राहते.

यादीत त्या मुलीचं मरण १८७० चं होतं. कवडशात शेवटच्या शून्याला शेपूट दिसलं. १८७९. ३ नोव्हेंबर १८७९, वय ४ वर्षं ३ महिने ११ दिवस. इथे जन्मतारीख लिहायची पद्धत कमी, असं वय लिहीत, मग आपण मागे मोजायचं. २३ जुलै १८७५ ला जन्मली. शेजारी तिच्या दोन भावांचे दगड: २८ ऑक्टोबर १८७९ आणि १ नोव्हेंबर १८७९. यादीने तिला भावांपासून नऊ वर्षं लांब ठेवलं होतं. कारण दगडावर लिहिलेलं नाही, पण त्या काळात घटसर्प घरात शिरला की असाच सगळ्या मुलांना नेई. मी आरसा खाली ठेवायला सांगितला, आम्ही दोघं काही बोललो नाही. मग कार्डावर ० खोडून ९ केला, शेजारी तारीख आणि माझी आद्याक्षरं घातली. तुम्ही समासात करायचात तसंच.

एक गंमत तुम्हाला आवडेल. काही थडगी दगडाची नाहीतच, जस्ताची आहेत. करड्या-निळ्या रंगाची, आतून पोकळ, टिचकी मारली की रॉकेलच्या डब्यासारखी वाजतात. नाव मात्र दिमाखदार, 'पांढरं ब्राँझ'. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टची एक कंपनी ती १९१४ पर्यंत करायची. शंभरावर वर्षं झाली तरी अक्षर न् अक्षर तुकतुकीत, कारण ते कोरलेलं नाही, ओतलेलं आहे. प्रेसमधल्या तुमच्या टाइपाच्या खिळ्यांसारखं. ज्यांना परवडलं त्यांनी महागडा संगमरवर घेतला आणि तो पावसाने साखरेसारखा सुटतोय. बोट लावलं तर कण हाताला येतात.

म्हणूनच धुण्याचं भारी जपावं लागतं. आई, तू तांब्याचा गडू चिंचेने घासतेस तसं इथे केलं तर मळाबरोबर नावही जाईल. संगमरवराला आंबट चालत नाही. ब्लीच नाही, तारेचा ब्रश नाही, पाण्याचा जोरदार फवारा तर नाहीच नाही. भरपूर साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी. शेवाळ फारच असेल तर डी-टू नावाचं एक औषध फवारून सोडून द्यायचं. आधी दगड नारिंगी होतो, बघणाऱ्याला वाटतं वाट लावली, मग महिनोन्‌महिने पावसापावसात पांढरा होत जातो. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही. एका शाळेची मुलं समाजसेवा म्हणून येऊन एक अख्खी रांग ब्लीचने लखलखीत करून गेली. सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो काढले. दोन हिवाळ्यांत त्या दगडांचे पापुद्रे निघाले.

पण दुसऱ्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही. मागच्या वर्षी एक आडवा पडलेला दगड मी एकटीच उचलायला गेले. एक घनफूट संगमरवर पंचाहत्तर किलोच्या वर भरतो, हे मला पाठ होतं, तरी. वाटलं, थोडासा कलता करून खालचं वाचू. आत जुनी चीर होती. वरचा कोपरा हातात आला, अर्ध्या आडनावासकट. मी तशीच मातीत बसले. आजोबा गाडीतून हळूहळू उतरून आले, बघितलं, थर्मासमधली कॉफी मला दिली. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं, 'आज आमच्या हातून वरचा डावा कोपरा तुटला.' 'आमच्या' लिहिलं. तो कोपरा आता चुन्याच्या गिलाव्याने बसवलाय. सिमेंट चालत नाही, ते दगडाहून कडक असतं आणि पुढच्या थंडीत दगडालाच फोडतं.

तेव्हा मला शिवडी आठवली. आम्ही भावंडं लहान असताना एका रविवारी तुम्ही आम्हाला तिथल्या दफनभूमीत नेलं होतं. आई तेव्हाही चिडली होती. तुम्ही सांगितलंत, ही आधी बाग होती, मग क्रॉफर्डसाहेबाने ही जागा दफनासाठी घेतली. व्हीटी बांधणारा स्टीव्हन्स इथेच आहे, १९०० साली गेला, आणि गेटवे बांधणारा विटेटही इथेच. दादा म्हणाला, मग यांना स्टेशनातच का नाही पुरलं? तिथे तुम्ही एका दगडापुढे इतका वेळ उभे राहिलात की आम्हाला भूक लागली. काय बघताय म्हटलं तर म्हणालात, "टाइप बघतोय."

आणि तुमच्या खात्यातले ते बेने इस्राएल काका. त्यांच्या वडिलांच्या दगडाचा मजकूर पाथरवटाला द्यायच्या आधी त्यांनी तुम्हाला दाखवला होता. वर हिब्रू, खाली मराठी. 'स्मृत्यार्थ' लिहिलं होतं, तुम्ही 'स्मृत्यर्थ' केलंत, आणि म्हणालात की दगडाला शुद्धिपत्रक जोडता येत नाही. जेवताना ही गोष्ट तुम्ही निदान वीस वेळा सांगितलीय. मी इथे ती इंग्रजीत सांगायला गेले, कोणाला कळली नाही.

वांद्र्याची माझी मैत्रीण म्हणते, तुमच्याकडे बरं आहे, आमच्याकडे जागाच नाही. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि जागा पुढच्याला. मुंबईत मेल्यावरही भाडेकरूच. आपलं तर तेही नाही. राख, नाशिक, गोदावरी.

आणि आता सर्वपित्री आलीय म्हणून विचारते. बाबा, तुम्ही पाटावर बसून तीन पिढ्यांची नावं घेता. वडील, आजोबा, पणजोबा. त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी. माझ्या पणजोबांचं, म्हणजे तुमच्या आजोबांचं, नाव मला माहीत आहे. माझ्या पणजीच्या जागी तुम्ही काय म्हणता? मी परवा कितीतरी वेळ आठवून बघितलं. घरात तिला सगळे 'वहिनी'च म्हणायचे, आणि तुम्ही पुटपुटता त्यात मला कधी नीट ऐकूच आलं नाही. इथल्या दगडांवर जुन्या इंग्रजीत बायकांसाठी दोन शब्द असतात. एकाचा अर्थ नवऱ्याच्या आधी गेली, दुसऱ्याचा विधवा म्हणून गेली. म्हणजे ओळख नवऱ्यावरूनच, पण त्याच ओळीत तिचं स्वतःचं नाव असतं. गिरणीत बॉबिनं उचलून जिने आपल्या आजोबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, शिकवलं, तिचं नाव मला येत नाही, आणि मी इथे परक्यांच्या पोरींचे नऊ आणि शून्य तपासत बसलेय.

तेव्हा दोन कामं. पहिलं: त्र्यंबकला आपल्या उपाध्यायांकडे वह्या असतात. आपले आजोबा गेले तेव्हा तुम्ही तिथे सही केली होती. दिवाळीनंतर दादाला घेऊन जा आणि आपली पानं फोटोत घेऊन या. बहुधा पुरुषांचीच नावं असतील, तरी प्रत्येक ओळ घ्या, कडेला बारीक लिहिलेलं असेल तर तेही.

दुसरं: थंडी पडली की इथे दगडाला पाणी लावता येत नाही, ते आत गोठून दगड फुटतो. म्हणजे ऑक्टोबरअखेर बाहेरचं काम संपलं. मग मार्चपर्यंत टाइप करत बसायचं. पहिली चाळीस पानं आणि त्यांचे फोटो पाठवतेय, दादा छापून आणील. डावीकडे दगड, उजवीकडे माझी नक्कल. लाल पेन तुमच्याकडे आहेच. डोळ्यांना त्रास होत असेल तर रोज दोनच पानं. आकडे आधी बघा, नावं नंतर. आणि 'माझ्या मुलीने केलंय' म्हणून सोडून देऊ नका.

आई, तूप संपत आलंय, पण पार्सलने पाठवू नकोस, मागच्या वेळी सगळे कपडे तुपकट झाले.

तुमची,
बेबी

ता. क. कुर्ल्याच्या मावशीआजीला विचारा पणजीचं नाव. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. तिला फोनवर ऐकू येत नाही, समोर बसून विचारा, आणि लवकर जा.