चार तासांचं बाकडं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चांगलीच भडकलीस. वर्गात ‘श्वेईहू’ या जुन्या चिनी कादंबरीतला लू झिशेन आणि खाटकाचा प्रसंग झाला आणि तू मला विचारलंस, “बाबा, असला दारुडा, मारकुटा माणूस तुम्हाला आवडतो तरी कसा?” फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

दारुडा तर तो आहेच. वूताई पर्वतावर भिक्षू झाल्यावर लू झिशेनने दारू ढोसून, कुत्र्याचं मांस खाऊन मठाच्या द्वारपालांचे पुतळे फोडले. ल्यांगशानच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांत त्याच्याहून वाईटही आहेत. दोन कुऱ्हाडी घेऊन दिसेल त्याला तोडत सुटणाऱ्या ली क्वेईबद्दल वाचणं मला आजही झेपत नाही.

पण तो प्रसंग पुन्हा काढ, आणि ठोशांच्या आधीचं वाच.

तेव्हा तो अजून भिक्षू झालेला नाही, नाव लू दा, छावणीतला अधिकारी. शी जिन आणि ली जोंग यांच्याबरोबर पीत बसलेला असताना पलीकडून रडणं ऐकू येतं. जिन आडनावाची पोरगी आणि तिचा म्हातारा बाप. जेंग खाटकाने तीन हजार माळा नाण्यांचा कागद करून तिला रखेल म्हणून नेलं, पैसा एक दिला नाही, आणि बायकोने तिला हाकलल्यावर तेच तीन हजार तिच्याकडे मागतोय. न घेतलेलं कर्ज बापलेक गाणी म्हणून फेडतायत! लू दा जवळची पाच ताएल चांदी काढतो, शी जिन दहा देतो. ली जोंग चाचपत चाचपत दोन काढतो, ती लू दा त्याच्याकडेच परत भिरकावतो.

पहाटे बापलेक निघतात तर खानावळीचा पोऱ्या आडवा येतो. लू दा त्याला बडवतो (हो, इथेही मारामारी आहेच) आणि त्यांना वाटेला लावतो. आता हा पोऱ्या मागे धावला तर? म्हणून लू दा एक बाकडं ओढतो आणि तिथेच बसतो. दोन चिनी प्रहर, म्हणजे आपले चार तास. एवढा तापट माणूस, पण बसून राहतो.

मग खाटकाकडे. दहा जिन (हे चिनी वजनाचं माप) खिमा, चरबीचा कण नको, आणि नोकराने नाही, तूच चीर. मग दहा जिन नुसत्या चरबीचा. मग दहा जिन कुर्च्यांचा! सगळे हसतात ते इथे. मला वाटतं, इथेही तो वेळच काढतोय. खाटीक चिरतोय तोवर ते दोघं आणखी लांब जातायत. पुढे खाटीक मरतो, पण मारून टाकायचं लू दाच्या मनात नव्हतं. तिसऱ्या ठोशानंतर तोच घाबरतो, “सोंग करतोस काय!” म्हणत सटकतो.

मी तालुक्याच्या गावी नोकरीला होतो, तुझ्या जन्माआधी. वाड्यात भांडी घासणारी एक बाई मालकाच्या उसन्या पैशांत अडकली होती. रात्री मी तिच्या हातात शंभर रुपये ठेवले, पहाटेची एसटी सांगितली आणि कडी लावून झोपलो. तिला स्टँडवरून परत आणलं. माझी खोली वाड्याच्या दारालाच लागून होती, मनू. बाकडंही होतं बाहेर.

तुम्हाला शिकवतात ती प्रत ७० प्रकरणांची असेल, तर लू झिशेनचा शेवट तिच्यात नसणार. १६४१ साली संपादक जिन शेंगतानने पुढचं सगळं छाटलं. मोठी प्रत घे. तो शेवट तुझ्याच गावातला आहे: हांगझोऊ, ल्यूहे पॅगोडा, आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. मध्यरात्री च्यान्तांग नदीच्या भरतीची गर्जना ऐकून त्याला रणदुंदुभी वाटते, तो ६२ जिनांचा दंड उचलून धावतो. भिक्षू हसतात, खिडकी उघडून भरती दाखवतात. त्याला गुरूचं वचन आठवतं, की भरती ऐकशील तेव्हा तुझं ‘युआनजी’. तो विचारतो, युआनजी म्हणजे काय? भिक्षूचं मरण, असं कळल्यावर हसतो, गरम पाणी मागवून आंघोळ करतो आणि ध्यानाला बसतो. बसल्या जागी जातो.

भरती बघायला गेलीस तर कठड्याच्या आतच उभी राहा, त्या पाण्याचा भरवसा नाही. आईने मेतकूट आणि गोडा मसाला पाठवलाय, पोचला की कळव.

तुझा,
बाबा