उमरावांचा काटा काढणे हा उपाय नव्हे

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या पुरवणीत ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ या, बुटक्यांची वस्ती सांभाळत किल्ला बांधण्याच्या संगणकखेळाविषयी आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि नवख्या खेळाडूला खेळाची गोडी लावणारा आहे, यात शंका नाही. मात्र त्यातील उमरावांविषयीचा परिच्छेद मला पटला नाही. उमराव म्हणजे किल्ल्यावर पोसलेली बांडगुळे असून, संधी मिळताच त्यांच्या खोलीत लाव्हा सोडावा किंवा त्यांना उचलत्या पुलाखाली चिरडावे, म्हणजे किल्ला सुखी होतो, असा सल्ला लेखकाने दिला आहे. टार्न आणि झॅक ॲडम्स या बंधूंचा हा खेळ २००६ साली लोकांपुढे आला आणि तेव्हापासून खेळाडूंमध्ये हा विनोद चालत आला आहे. विनोद म्हणून तो ठीकच आहे, पण डिसेंबर २०२२ मध्ये खेळ चित्रमय स्वरूपात ‘स्टीम’ या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानावर आल्यानंतर कितीतरी नवे खेळाडू त्याकडे वळले आहेत आणि त्यांना हा सल्ला खराच वाटण्याचा धोका आहे.

मुळात खेळाच्या ज्या पानावर उमरावांची यादी दिसते, तिथे दोन अगदी वेगळ्या जातीची माणसे एकत्र बसवलेली आहेत. मॅनेजर, हिशेबनीस, व्यापार पाहणारा ब्रोकर आणि मुख्य वैद्य ही नेमणुकीची पदे आहेत. ती तुम्ही देता आणि तुम्हीच काढून घेता. यांच्याशिवाय मोठा किल्ला चालत नाही, कारण वस्ती वाढल्यावर कारखान्यांना दिलेले कामाचे आदेश मॅनेजरने मंजूर केल्याखेरीज पुढे सरकत नाहीत आणि हिशेबनीस आपल्या मेजाशी बसल्याखेरीज कोठारातले आकडे अंदाजेच राहतात. या मंडळींच्या गरजा किरकोळ असतात. खरी अडचण वेगळीच होते. सुरुवातीच्या सात बुटक्यांपैकी एकाच्याच गळ्यात आपण ही सारी पदे बांधतो आणि पुढे ती वाटून द्यायला विसरतो. मग व्यापाऱ्यांचा तांडा मालाची देवघेव होते त्या डेपोवर ताटकळत असतो आणि ब्रोकर मात्र ढाराढूर झोपलेला किंवा दारूच्या पिंपाकडे निघालेला असतो. यात बिचाऱ्या उमरावाचा दोष काय?

दुसऱ्या जातीत मेयर, सरदारकीचे किताब असलेले बॅरन, काउंट, ड्यूक आणि शेवटी खुद्द राजा येतो. लेखकाचा रोष यांच्यावर आहे आणि तो अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. वस्ती पन्नासावर गेली की बुटके आपला मेयर स्वतःच निवडतात. त्यात तुमचे काही चालत नाही. मेयर निवडून आला की तो चांगले कार्यालय, जेवणघर आणि शयनगृह मागतो, आणि वर फर्मानेही काढू लागतो. अमुक वस्तू इतक्या बनवा, तमुक वस्तू किल्ल्याबाहेर विकू नका, अशी ही फर्माने असतात. ठरल्या मुदतीत माल तयार झाला नाही, तर शिक्षा होते ती एखाद्या गरीब कारागिराला. आसपास वाळूचा कणही नसलेल्या किल्ल्यात काचेच्या वस्तूंचे फर्मान निघाले की खेळाडूचे डोके फिरते, हे मीही जाणतो.

पण ही फर्माने हवेतून येत नाहीत. प्रत्येक बुटक्याच्या माहितीपानावर त्याच्या आवडीनिवडी लिहिलेल्या असतात. त्याला कोणता धातू आवडतो, कोणता दगड, कोणते रत्न, कोणती वस्तू, हे सारे तिथे वाचता येते आणि बहुतेक फर्माने त्या आवडींतूनच निघतात. मायभूमीहून दरसाल शरद ऋतूत येणारा दूत जेव्हा किल्ल्याला बॅरनचा मान देऊ करतो, तेव्हा तो मान कोणाला द्यायचा हे तुम्हालाच विचारले जाते. नवखा खेळाडू इथे यादीतल्या पहिल्याच नावावर बोट ठेवतो किंवा आपला सर्वांत कुशल लोहार निवडून मोकळा होतो, आणि नंतर कपाळाला हात लावतो. त्याऐवजी थोडा वेळ काढून याद्या चाळाव्यात. ज्याला लोखंड, साधा चुनखडक, खाटा किंवा दरवाजे आवडतात असा, कोणतेही महत्त्वाचे काम न करणारा, शक्य तर एकटा बुटका शोधावा. असा बॅरन वर्षानुवर्षे खाटांची फर्माने काढीत राहतो आणि त्या नाहीतरी नव्या वस्तीसाठी लागतच असतात. या एका निर्णयात निम्मे व्यवस्थापन उरकते, पण लेखात त्याचा उल्लेखही नाही.

खोल्यांचे गणितही लेखकाने सांगितले आहे तितके जाचक नाही. खोलीचे मूल्य फर्निचरप्रमाणेच भिंती आणि जमिनीवरूनही ठरते. त्यामुळे भिंती गुळगुळीत करून त्यांवर चांगल्या हाताने कोरीवकाम करून घेतले, तर साध्या दगडातली खोलीही मानाची ठरते. सोन्याच्या शिरेतच दालन खोदले तर विचारायलाच नको. राजाला शोभेल अशा दालनाला दहा हजारांचे मूल्य लागते खरे, पण राजा येईपर्यंत किल्ल्यात कोरीवकाम करणारे चांगले कारागीर तयार झालेले असतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. खालच्या दर्जाच्या माणसाला वरच्याहून सरस खोली मिळाली की वरचा रुसतो. लाडक्या सेनापतीला महाल बांधून देण्याआधी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता काटा काढण्याविषयी. मेयर मेला तर दुसरा निवडून येतो आणि त्याच्या आवडी कदाचित आणखी विचित्र निघतात. बॅरनपद वंशपरंपरेने चालते, म्हणजे जो वारस येईल तो तुमच्या पसंतीचा असेलच असे नाही. मेलेल्याला बायकोमुले असतात, दोस्त असतात. ते शोकात बुडतात, काहींचा तोल सुटतो, मारामाऱ्या होतात, त्यात आणखी कोणी दगावते आणि एका उमरावापायी अख्खा किल्ला कोसळल्याची उदाहरणे खेळाडूंमध्ये सर्वश्रुत आहेत. शिवाय लाव्हात वितळलेल्या देहाचे दफन कसे करणार? स्मारकाची शिळा बसवून नाव कोरले नाही, तर त्याचे भूत किल्ल्यात फिरू लागते. जिवंतपणी निदान खाटाच मागत होता.

शिक्षेच्या बाबतीतही हत्येपेक्षा सोपे मार्ग आहेत. शेरीफ किंवा रक्षकदलाचा कप्तान नेमलाच नाही तर शिक्षा बजावल्या जात नाहीत. मात्र मग खरे गुन्हेगारही मोकाट सुटतात, म्हणून मोठ्या किल्ल्यात हा मार्ग मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा पुरेशा साखळ्या आणि पिंजरे बसवून तुरुंग तयार ठेवावा, म्हणजे कारागिरावर मार खाण्याऐवजी थोडे दिवस बसून काढण्याची पाळी येते. हातोड्याने शिक्षा देणारा अधिकारी असेल तर त्याच्या हाती काय आहे हे पाहावे. चांदीचा हातोडा जड असतो आणि हाडांचा चुरा करतो. ॲडमंटाइन हा त्या जगातला अत्यंत मौल्यवान धातू, पण इतका हलका की त्याच्या हातोड्याचा तडाखा फारसा लागत नाही. इतका मौल्यवान धातू केवळ दयेपोटी खर्च करणे ही चैन आहे, हे मान्य.

निर्यातबंदीसाठी तर एवढेच पुरते, की तांडा येण्याआधी चालू फर्मानांची यादी पाहावी आणि बंदी असलेला माल डेपोवर नेण्यासाठी निवडू नये. पेले विकण्यास मनाई असताना पेल्यांनी भरलेली पेटी तशीच सौद्यात देऊन टाकणे ही हमखास होणारी चूक आहे, कारण पेटीच्या आत काय आहे हे घाईत कोणी उघडून पाहत नाही.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात बॅरन कसा निवडावा आणि आवडीनिवडींचे पान कसे वाचावे, यासाठी लेखकाने थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक