प्रभातचे चित्रपट पुन्हा पाहताना

ती. आईबाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या तीन शनिवारी रात्रीचे काम आटोपल्यावर मी प्रभात फिल्म कंपनीचे तीन जुने चित्रपट पाहिले. बाबा, तुम्ही आम्हा भावंडांना समोर बसवून ‘संत तुकाराम’ दाखवला होता, तेव्हा मी सगळा वेळ तुकोबांकडेच पाहत होते. या वेळी माझी नजर त्यांच्या बायकोवरून, जिजाईवरून हटली नाही. आजारी मुलासाठी ती हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते, तेव्हा आम्ही लहानपणी खदखदून हसलो होतो. आता तोच प्रसंग पाहताना माझा घसा दाटून आला. तिची श्रद्धा कमी आहे असे मला वाटले नाही. उलट, ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्याशीच माणूस असे भांडते. गौरी या नटीने ही जिजाई इतकी खरी उभी केली आहे की विष्णुपंत पागनिसांच्या शांत, तल्लीन तुकारामाइतकेच चित्रपटाचे वजन तिच्यावरही आहे. 1936 सालच्या या चित्रपटात दामले आणि फत्तेलाल यांनी चमत्कार मन लावून चित्रित केले आहेत, पण तुकोबा वैकुंठाला निघाल्यावर मागे राहिलेल्या संसाराचा भार कोणाच्या डोक्यावर आहे, हेही ते विसरलेले नाहीत. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवले यांची रचना आहे, हे ठाऊक असूनही ऐकताना ते खरे वाटेना.

त्यापुढच्या शनिवारी ‘कुंकू’ पाहिला, आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. व्ही. शांताराम यांनी 1937 साली केलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, हे मी वाचले होते. परंतु त्याचा परिणाम काय होतो, ते रात्रीच्या शांततेत कानांनी ऐकल्याशिवाय कळत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पावलांचे आवाज आणि बाकीची सारी निःशब्दता यांमुळे म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून तरुण नीरा ज्या घरात फसवून आणली गेली आहे, त्या घरात आपणही अडकून पडतो. दुःखी प्रसंगी मनाला काय वाटायला हवे, हे सांगायला व्हायोलिन नसल्यामुळे आपल्याला स्वतःच ठरवावे लागते. नीरा झालेल्या शांता आपटे यांचा ताठ मानेचा नकार मला कॉलेजात असतानाही आवडला होता. लाँगफेलोची इंग्रजी कविता ती गाते, तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, याचा मी बराच वेळ विचार करत राहिले.

मात्र या वेळी मला नीरेचा नवरा, म्हणजे केशवराव दात्यांचे काकासाहेबही नीट दिसले. आरशासमोर आपले वय लपवू पाहणारा तो वकील पूर्वी मला केवळ तिरस्करणीय वाटे. आता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाणारी शरम दिसली. त्याच्या अन्यायाला चित्रपट कोठेही सूट देत नाही आणि तरीही त्याला माणूस राहू देतो, हे मला फार मोठे वाटते. त्याचा मृत्यू मात्र अजूनही मनाला पटत नाही. नीरेला मोकळे करण्यासाठी त्याला मरावे लागते, याचा अर्थ जिवंत असताना तिला सोडण्याची वाट त्या समाजात नव्हती, असा मी लावला. पण तो पुरेसा आहे का, याची खात्री नाही.

‘माणूस’ही पाहिला. शांता हुबळीकर यांची मैना पाहून झाल्यावर लगेच लिहिणे जमणार नाही, म्हणून तो पुढच्या पत्रासाठी ठेवते.

आई, तू ‘कुंकू’ पुन्हा पाहावास, अशी माझी विनंती आहे. पाहताना दिवे मालव आणि घरात कोणी बोलू नका. काकासाहेबांच्या आरशासमोरच्या प्रसंगात तुझ्या मनात राग आला की दया आली, ते मला सविस्तर लिही. बाबा, आजीने तो लहानपणी थिएटरात पाहिला असेल, तर ती त्याबद्दल काही बोलली होती का, हेही कळवा.

तुमची,
धाकटी